ठोसा आणि लाथ यांपासून बचाव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या स्वसंरक्षणाच्या वर्गाला नव्याने येणारी मुलं-मुली, त्यांचे पालक, रात्रपाळी करणारे, हॉस्टेलवर राहणारे असे बरेच जण मला फिरून फिरून हेच प्रश्न विचारतात. म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहितो आहे. विषय रिकाम्या हातांच्या हल्ल्याचा आहे: ठोसे, थपडा, लाथा. स्पर्धेत पंच असतो, वजनगट असतो, पायाखाली मॅट असते. रस्त्यावर यातलं काहीच नसतं, त्यामुळे इथली उत्तरं स्पर्धेच्या तयारीसाठी वापरू नका.

१. मी आयुष्यात कुणावर हात उचललेला नाही. शिकायचं तर सुरुवात कुठून करू?

समोरच्यापासून अंतर राखणं, डोकं झाकणं आणि लागू न देता पडणं, या तीन गोष्टींपासून. उलटा वार करणं त्यानंतर. नवे येणारे सगळे ठोसा मारायला उतावीळ असतात, पण पहिला ठोसा तुमच्यावर येणार आहे.

उभं राहताना पाय खांद्यांइतके रुंद, एक पाय अर्धं पाऊल पुढे, गुडघे सैल, हनुवटी जराशी खाली. भार टाचांवर नको. पुढे जाताना पुढचा पाय आधी उचला, मागे जाताना मागचा. पाय एकमेकांवरून ओलांडू नका. नेमका तेव्हा धक्का बसला तर तोल जातो. घरातल्या मोकळ्या जागेत रोज दहा मिनिटं असं पुढे-मागे, डावी-उजवीकडे सरकत राहा. कंटाळवाणं आहे, पण पुढचं सगळं याच्यावरच उभं राहतं.

२. ठोसा येताना दिसला की हाताने अडवायचा, एवढंच ना?

माणसाला एखादी गोष्ट दिसून ठरलेली एकच हालचाल सुरू व्हायला साधारण पाव सेकंद लागतो. हाताच्या अंतरावरून मारलेला झटपट ठोसा जवळपास तेवढ्याच वेळात येऊन पोचतो. शिवाय तुमच्यापुढे चार-पाच पर्याय असतील, तर मेंदूला निवडायलाच जास्त वेळ लागतो. पर्याय वाढले की प्रतिसाद लांबतो, हे विल्यम हिक या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९५२ मध्ये प्रयोगांनी दाखवलं. म्हणून 'या ठोशाला हा ब्लॉक, त्या ठोशाला तो ब्लॉक' अशी लांबलचक यादी पाठ करून जवळून आलेला ठोसा अडवता येत नाही. कितीही हुशार माणूस असला तरी नाही.

मग अडवतात कसा? आधीच. समोरच्याचा आणि तुमचा हात पुढे केला तर बोटं जेमतेम एकमेकांना टेकतील, निदान इतकं अंतर ठेवा. आता त्याला मारायला आधी पाऊल टाकावं लागेल. ते पाऊल मुठीपेक्षा मोठं असतं आणि लवकर दिसतं. भांडताना माणूस बोलत बोलत जवळ सरकतो, आणि आपल्याला मागे हटायला कमीपणा वाटतो. तिथेच घात होतो. तो एक पाऊल आला की तुम्ही एक पाऊल मागे किंवा बाजूला, तोंडाने शांतपणे बोलणं चालू ठेवून. अंगावर येण्यापूर्वी माणूस बहुधा काही खुणा देतो: एक खांदा मागे जातो, जबडा आवळला जातो, बोलता बोलता एकदम गप्प होतो, आजूबाजूला कोण आहे ते बघून घेतो.

३. हात कुठे ठेवायचे? मुठी वळून उभं राहिलं तर भांडण उगाच वाढेल.

बरोबर. तळवे उघडे, छातीच्या वरच्या बाजूला, समोरच्याकडे वळलेले आणि कोपरं बरगड्यांजवळ. 'अहो थांबा, मला भांडायचं नाही' असं म्हणताना हात आपोआप जिथे जातात तिथेच. मागे हात बांधून, खिशात हात घालून किंवा हाताची घडी घालून कधीच उभं राहू नका. उघड्या तळव्यांचे दोन फायदे आहेत. हात चेहऱ्याच्या रस्त्यातच असल्यामुळे झाकायला लांब जावं लागत नाही. आणि बघणाऱ्यांना, सीसीटीव्हीलाही, तुम्ही भांडण टाळत होता हे स्पष्ट दिसतं. याचा उपयोग पुढे होतो (प्रश्न १८).

४. प्रत्यक्षात कोणता ठोसा येतो आणि त्यापासून डोकं कसं वाचवायचं?

न शिकलेला, चिडलेला माणूस बहुतेक वेळा उजव्या हाताने, बाहेरून गोल फिरवून मारतो. रोख जबड्यावर किंवा कानावर असतो. कानाखाली मारलेली थप्पडही अशीच येते, आणि ती कमी समजू नका. उघड्या पंजाने कानाचा पडदा फाटू शकतो.

गोल वाराला एकच उत्तर शिका आणि तेच घोटा. केस मागे सारताना हात जसा कानावरून मागे जातो तसा त्या बाजूचा हात वर न्या. तळवा डोक्याच्या मागच्या भागाला घट्ट चिकटलेला, कोपर पुढे टोकदार, हनुवटी छातीकडे. हात डोक्यापासून सुटा राहिला तर ठोसा तुमचाच हात तुमच्या तोंडावर आपटवतो, म्हणून चिकटवणं महत्त्वाचं. दुसरा हात गालाशी. डोळे उघडे. नवशिके हमखास डोळे मिटतात, आणि मग दुसरा ठोसा दिसतच नाही.

झाकतानाच अर्धं पाऊल आत, त्याच्या छातीकडे जा. अनेकांना हे उलटं वाटतं, पण गोल ठोशाचा जोर त्याच्या टोकाला असतो. आत गेलात की मूठ तुमच्या पाठीमागे निघून जाते. आता त्याचा दंड कवेत घ्या, डोकं त्याच्या खांद्याला लावा आणि तिथून ढकलून निघा. पूर्ण मागे हटायला जागा असेल तर मागे हटा. सर्वांत वाईट जागा मधली, जिथे त्याचा हात पुरतो आणि तुम्ही उभे असता.

सरळ ठोशाला वेगळी हालचाल लागते: समोरच्या तळव्याने त्याचं मनगट एवढंसं बाजूला ढकलायचं, चार बोटं अंतर पुरे, आणि त्याच वेळी डोकं दुसऱ्या बाजूला न्यायचं. हात लांब करून ठोसा 'पकडायला' जाऊ नका. खालून हनुवटीवर येणाऱ्या अपरकटसाठी कोपरं एकत्र आणून हनुवटी खाली ठेवणं पुरतं. पोटावरच्या ठोशाला हात खाली नेऊ नका. कोपर खाली आणा, थोडं वळा, श्वास जोरात सोडा.

बॉक्सरसारखं डोकं हलवून ठोसे चुकवणं पहिल्या वर्षात विसरा.

५. मी शाळेत ब्राउन बेल्टपर्यंत कराटे केलं. आगे-उके (हात वर उचलून अडवणं), गेदान-बराई (हात खाली झटकून अडवणं) हे ब्लॉक रस्त्यावर चालतील का?

काताच्या (ठरलेल्या हालचाली ओळीने करण्याच्या) वर्गात शिकवतात तसे, एक हात कमरेला ओढून आणि दुसऱ्याने मोठी हालचाल करून, अचानक आलेल्या जवळच्या ठोशाला नाही चालणार. कारण प्रश्न २ मध्ये आहे. वर्गात समोरचा लांबून एक पाऊल टाकून एकच ठोसा मारतो आणि हात तिथेच ठेवतो. खरा माणूस हात लगेच मागे घेऊन दुसरा मारतो. आणि कमरेला नेलेल्या हातामुळे अर्धा चेहरा उघडा पडतो.

म्हणून कराटे वाया गेलं असं मुळीच नाही. तुमचं उभं राहणं, अंतराचा अंदाज, नेमकी पुढची लाथ, अंगातली शिस्त हे सगळं कामाचं आहे. आगे-उकेची तीच हालचाल हात वर असतानाच, कोपर पुढे काढून, पाऊल आत टाकत केली की चांगलं झाकण होतं. फुनाकोशी गिचिन यांनी १९२२ मध्ये ओकिनावाचं कराटे टोकियोत दाखवलं. त्यानंतर ते शाळा-कॉलेजांत, मोठ्या रांगांत शिकवलं जाऊ लागलं, आणि आपल्याकडे पोचलं तेही बरंचसं याच रूपात. आता तुम्हाला हवा आहे तो जोडीदारासोबतचा, मोकळा, न ठरवलेला सराव.

६. लाथ आली तर? हात खाली नेऊन अडवू का?

लाथेसाठी हात खाली नेणं ही सर्वांत महाग पडणारी सवय आहे. लाथ दाखवायची आणि हात खाली गेले की तोंडावर मारायचं, ही जुनी युक्ती आहे. दोन्ही मनगटांची फुली करून लाथ अडवणंही नको. बुटातल्या पायासमोर मनगटं आणि बोटं टिकत नाहीत.

सरळ, पोटात ढकलणारी लाथ आली तर तिरकं बाहेर पाऊल टाका. पाय तुमच्या बाजूने निघून जाईल. जवळचा हात नडगीला आतून बाहेर नुसता वळवेल, बाकी काम पावलाने झालेलं असतं.

मांडीवर किंवा गुडघ्यावर आडवी लाथ आली तर पायानेच अडवा: त्या बाजूचा गुडघा उचलून थोडा बाहेर वळवा आणि पंजा वर ओढा, म्हणजे लाथ नडगीच्या वरच्या भागावर येते. दुखतं. पण गुडघ्यावर बसलेल्या लाथेपेक्षा ते परवडतं. किंवा आत शिरा. आडव्या लाथेचा जोर पायाच्या खालच्या टोकाला असतो, मांडीपाशी नसतो.

डोक्यापर्यंत लाथ उचलणारा माणूस रस्त्यावर क्वचित भेटतो. तुम्ही खाली पडलात की मात्र कुणाचीही लाथ डोक्यापर्यंत पोचते. त्यासाठी प्रश्न ८ नीट वाचा.

७. त्याचा पाय हातात सापडला तर पाडू का?

तालमीत घाम गाळलेल्याला पट काढणं (खाली वाकून पाय धरून पाडणं) सांगावं लागत नाही, त्याचं अंग आपोआप खाली जातं. बाकीच्यांनी पाय पकडायला मुद्दाम जाऊ नये. योगायोगाने हातात आलाच तर वर उचलून ढकला आणि निघा. पाय धरून उभे राहिलात तर तुमचे दोन्ही हात अडकतात आणि त्याचे मोकळे राहतात. एक धोकाही लक्षात ठेवा: डांबरी रस्त्यावर किंवा फरशीवर मागे पडलेल्या माणसाचं डोकं आपटून जीव जाऊ शकतो. आखाड्यातली लाल माती हा धक्का झेलते, रस्ता झेलत नाही.

८. मी खाली पडलो आणि लाथा बसायला लागल्या तर काय करायचं?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

आधी पडणं. मागे पडताना हनुवटी छातीला लावा, पाठ गोल करा, खाली बसत बसत लोळा आणि हात अंगाच्या बाजूला तिरके आपटा. मागे हात टेकवून स्वतःला सावरायला गेलात तर मनगट मोडतं. कानो जिगोरो यांनी १८८२ मध्ये ज्यूडो सुरू केला, आणि आजही ज्यूडोच्या चांगल्या वर्गात फेकायच्या आधी पडायला शिकवतात. गादीवर, सतरंजीवर, आधी बसून, मग उकिडवं, मग उभं राहून, असं हळूहळू शिका.

पडल्यावर पाय त्याच्याकडे ठेवा. पाठीवर या, डोकं जमिनीवरून उचललेलं, हात चेहऱ्यापाशी. एक पाय जमिनीवर, दुसरा उचललेला, त्याच्या नडगीवर-गुडघ्यावर टाच मारायला तयार. तो वळसा घालून डोक्याकडे यायला बघेल. तुम्ही कमरेवर फिरत पाय त्याच्याकडेच ठेवा. त्याने अंतर सोडलं की उठा. उठण्याची पद्धत ठरलेली आहे: एक हात मागे टेकवा, विरुद्ध बाजूचा पाय जमिनीत रोवा, कंबर उचला, मोकळा पाय अंगाखालून मागे ओढा आणि उभे राहा. या सगळ्यात दुसरा हात चेहऱ्यासमोर आणि नजर त्याच्यावर. पालथं होऊन गुडघ्यांवर उठू नका, तसं केलं की डोकं नेमकं लाथेच्या उंचीवर येतं.

चारी बाजूंनी लाथा बसत असतील आणि फिरायला जागाच नसेल, तर कुशीवर, गुडघे पोटाशी, दोन्ही हात डोक्याभोवती, कोपरं एकत्र. हे फक्त एक-दोन श्वासांपुरतं. मिळेल ते धरा, भिंत, गाडी, कुणाचा तरी पाय, आणि उभे राहा.

९. उलटा वार करायचा झाला तर कशाने? गुप्तांगावर लाथ नक्की लागू पडते ना?

ग्लोव्ह नसलेल्या मुठीने डोक्यावर मारू नका. कवटी टणक असते आणि करंगळीमागचं हाताचं हाड पातळ. ते इतक्या वेळा मोडतं की अस्थितज्ज्ञ त्या मोडण्याला 'बॉक्सर फ्रॅक्चर' म्हणतात. मूठ दातांवर लागून फाटली तर जखम वाईट चिघळते; ती लहान दिसली तरी डॉक्टरला दाखवाच.

तळव्याची टाच, बाजूने मारलेला कोपर, मांडीवर किंवा पोटात गुडघा, नडगीवर बुटाची लाथ, ही साधी आणि कमी धोक्याची हत्यारं आहेत. गुप्तांगावरची लाथ कधी लागू पडते, कधी नाही. पुरुष ती जागा आपसूक राखतो, आणि रागात किंवा नशेत वेदना उशिरा जाणवते. ती लागली म्हणून थांबून बघत बसू नका. वार करायचा तो निघायला दोन पावलं मोकळी मिळावीत म्हणून.

१०. दोघं-तिघं असतील तर?

पळा. जमत नसेल तर सतत फिरत राहा, म्हणजे ते एका रांगेत येतील आणि एका वेळी एकच तुमच्यापर्यंत पोचेल. मध्ये गाडी, टपरी, टेबल असं काहीही ठेवा. कुणाशीही झोंबू नका, कुणाला पाडून त्याच्यावर बसू नका. उजेडाकडे, दुकानाकडे, माणसांकडे जा.

११. ठोसा मारल्यासारखं केलं आणि हातात चाकू असेल तर?

चाकूचा वार लागलेल्या अनेकांना तो आधी ठोसाच वाटतो. म्हणून नजर चेहऱ्यावर खिळवू नका, छातीवर ठेवा, म्हणजे दोन्ही हात दिसतात. एक हात पाठीमागे किंवा खिशात गेलेला दिसला की बोलणं बंद करून निघा. इथले ठोशांचे उपाय चाकूला लावू नका. पाकीट, फोन, साखळी मागत असेल तर देऊन टाका.

१२. मला माहीत असूनही ऐनवेळी मी थिजतो. हे भित्रेपण आहे का?

नाही. अचानक धोक्यात शरीर गोठणं ही प्राण्यांमधली जुनी प्रतिक्रिया आहे, ती कुणालाही होते. सरावाने ती छोटी होते. उपाय असा: पहिली हालचाल एकच ठरवा. माझ्या वर्गात ती 'हात वर, हनुवटी खाली, पाऊल' आणि सोबत मोठ्याने 'मागे हो!' अशी आहे. ओरडल्याने श्वास सुटतो आणि अंग हलतं. जोडीदाराने बोलता बोलता, न सांगता मऊ पॅडने टपली मारायची आणि तुम्ही हे करायचं. हा सराव प्रत्येक तासाला हवा.

१३. मी पाच फूट उंचीची, बारीक अंगाची मुलगी आहे. माझ्यासाठी यातलं काय खरंच उपयोगाचं?

वजनाचा फरक खोटं बोलून मिटत नाही. दुप्पट वजनाच्या माणसाशी ठोशाला ठोसा करायचा नाही. तुमच्यासाठी अंतर, आवाज, झाकणं आणि निसटणं यांचं मोल जास्त आहे. शिवाय मुलींवरचे बरेच हल्ले ठोशाने सुरूच होत नाहीत; मनगट, केस, ओढणी धरून ओढणं, भिंतीशी दाबणं असं होतं. म्हणून पकड सोडवण्याचे डाव ठोशांच्या आधी शिका. सराव तुमच्यापेक्षा मोठ्या, पण विश्वासाच्या माणसाबरोबरही करा. फक्त समवजनाच्या मैत्रिणीबरोबर केला तर खोटा विश्वास तयार होतो.

१४. वय बावन्न, गुडघे दुखतात. आता शिकता येईल?

येईल. अंतर, हातांची जागा, झाकणं, बसल्या उंचीवरून पडणं, एवढं शिका. उड्या, डोक्यावरच्या लाथा, खोल बैठका सोडून द्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा हाडं ठिसूळ असतील तर पडण्याचा सराव डॉक्टरांना विचारूनच.

१५. कराटे, तायक्वांदो, बॉक्सिंग, मुआय थाई, क्राव मागा, कुस्ती: नेमका कोणता वर्ग लावू?

नुसते ठोसे-लाथा डोळ्यांसमोर ठेवले तर मी मुआय थाई (थायलंडचा ठोसे-लाथांचा खेळ) किंवा बॉक्सिंग सांगेन, आणि सोबत काही महिने कुस्ती किंवा ज्यूडो. कारण सरळ आहे: तिथे समोरचा माणूस खरोखर मारायचा प्रयत्न करतो आणि तुम्ही खरोखर वाचायचा.

प्रत्येकाच्या नियमांनी काही सवयी लागतात, त्या माहीत असाव्यात. तायक्वांदो २००० च्या सिडनी ऑलिम्पिकपासून पदकाचा खेळ आहे. लाथांचं अंतर त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही. पण त्यात डोक्यावर ठोसा मारायला परवानगी नाही, त्यामुळे हात खाली राहायची सवय लागते. क्योकुशिन कराटेतही चेहऱ्यावर मुठीचा ठोसा चालत नाही. बॉक्सिंगमध्ये लाथा नाहीत, आणि मोठ्या ग्लोव्हजमागे लपायची सवय उघड्या हातांना पुरत नाही. तिथे प्रश्न ४ मधलं झाकण हवं. क्राव मागाची सुरुवात इमी लिख्टेनफेल्ड यांनी केली. ब्रातिस्लाव्हात (आताच्या स्लोव्हाकियाच्या राजधानीत) वाढलेले हे मुष्टियोद्धे आणि मल्ल पुढे इस्रायली सैन्याला शिकवत होते. पद्धत चांगली आहे, पण त्या नावाखाली काय शिकवतात ते जागोजागी फार बदलतं. कुस्तीत मारणं नाही, तरी गळाभेटीच्या अंतरावर पैलवानाइतका घट्ट उभा राहणारा कुणी नाही. आपले मर्दानी खेळ, लाठी आणि दांडपट्टा, चपळाईसाठी उत्तम. मुठीपासून बचावासाठी मात्र वेगळा सराव लागेल.

नावापेक्षा वर्ग बघा. एक तास नुसतं बसून पाहू देतात का? जोडीदार न ठरवता मारतो का? माउथगार्ड (दात वाचवणारं तोंडातलं कवच) सक्तीचा आहे का? डोक्याला लागलेल्याला खेळातून बाहेर बसवतात का? नव्या मुलाला जुन्यांच्या हाती मार खायला देतात का? शेवटच्याचं उत्तर 'हो' असेल तर दुसरा वर्ग शोधा.

१६. ऑफिसमध्ये दोन दिवसांची कार्यशाळा आहे. तेवढ्याने येईल का? आणि व्हिडिओ बघून घरी केलं तर?

दोन दिवसांत धोका ओळखणं, अंतर आणि ओरडणं एवढं नक्की शिकता येतं, त्यासाठी जरूर जा. झाकण्याची हालचाल मात्र महिनोन् महिने, आठवड्यातून दोन-तीनदा केली तरच अंगात बसते.

व्हिडिओवरून उभं राहणं, सरकणं, जोर-बैठका, दोरी हे जमतं. ठोसा चुकवणं जमत नाही, कारण त्याला मारणारा माणूस लागतो. घरी दोघं असाल तर उघड्या पंजाने, एक चतुर्थांश वेगाने सुरू करा. चार-पाच वेळा ओळीने बरोबर झालं की वेग थोडा वाढवा. डोक्यावर जोराने मारण्याचा सराव घरी करू नका, हेल्मेट घालूनसुद्धा नाही. हेल्मेट कातडी वाचवतं, मेंदूचा हादरा वाचवत नाही.

१७. मुलाला कितव्या वर्षी घालू? शाळेत मोठी मुलं मारतात.

सात-आठ वर्षांपासून पडणं, लोळणं, पकड सोडवणं, मोठ्याने 'नाही' म्हणणं खेळाखेळात शिकवता येतं. डोक्यावर ठोसे असलेलं स्पारिंग (जोडीदाराशी लढतीचा सराव) लहान मुलांना अजिबात नको, स्पर्धेचा आग्रह कितीही असो. मारहाणीचं उत्तर त्याच्या मुठीवर सोडू नका. वर्गशिक्षक आणि मुख्याध्यापक यांना लेखी कळवा. मुलांसाठी १०९८ हा मदतीचा क्रमांक आहे.

१८. त्याने मारलं म्हणून मी मारलं, तर गुन्हा माझ्यावर दाखल होईल का?

भारतात १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम ३४ ते ४४ मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क दिला आहे (जुन्या दंड संहितेत कलम ९६ ते १०६). कलम ३५ नुसार तुम्ही स्वतःचं आणि दुसऱ्या कुणाचंही शरीर वाचवू शकता.

मर्यादा कलम ३७ मध्ये आहेत: बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही, आणि सरकारी यंत्रणेकडे मदत मागायला वेळ असेल तर हा हक्क उरत नाही. कलम ४० प्रमाणे हल्ल्याच्या प्रयत्नामुळे किंवा धमकीमुळे धोक्याची वाजवी भीती निर्माण होते तेव्हा हक्क सुरू होतो आणि भीती असेपर्यंतच टिकतो. म्हणजे पहिला ठोसा खाल्लाच पाहिजे असं नाही. पण तो पळाला, पडला किंवा थांबला, आणि तुम्ही पाठलाग करून मारलंत, तर तो बचाव नव्हे. हल्लेखोराचा जीव गेला तरी संरक्षण मिळतं ते कलम ३८ मधल्या ठरावीक प्रसंगी: मृत्यू किंवा गंभीर दुखापतीची वाजवी भीती, बलात्कार, अपहरण, ॲसिड हल्ला वगैरे. साधी थप्पड त्यात बसत नाही.

'बाहेर ये, दाखवतो' म्हटल्यावर तुम्ही बाहेर गेलात तर बचावाचा मुद्दा फार लंगडा होतो. सार्वजनिक जागी दोघांनी मारामारी करून शांतता भंग करणं हा कलम १९४ खाली वेगळा गुन्हा आहे, दोघांवरही. प्रसंगानंतर ११२ ला आधी तुम्ही फोन करा, साक्षीदारांची नावं घ्या, दवाखान्यात जा. प्रकरण गंभीर असेल तर जबाबापूर्वी वकिलाशी बोला.

१९. मारणारा घरातलाच असेल तर हे डाव वापरू का?

त्या क्षणी डोकं झाकणं, स्वयंपाकघरातून बाहेर पडणं (तिथे हत्यारं हाताशी असतात) आणि दाराकडे सरकणं, एवढं वापरा. रोज त्याच घरात राहणाऱ्या माणसाला एकदा पाडून प्रश्न सुटत नाही, पुढचा मार वाढू शकतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने स्त्रियांना संरक्षण आदेश आणि त्याच घरात राहण्याचा हक्क दिला आहे. संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. महिलांसाठी १८१, तातडीला ११२. कागदपत्रं, थोडे पैसे आणि एक फोन शेजारी किंवा माहेरी ठेवा.

२०. मार बसला, पण चालतोय-बोलतोय. डॉक्टरकडे कधी जायचं?

डोक्याला लागून क्षणभर शुद्ध हरपली, उलट्या झाल्या, डोकेदुखी वाढत चालली, गुंगी आली, बोलणं अडखळलं, बाहुल्या लहान-मोठ्या दिसल्या, नाका-कानातून रक्त किंवा पाण्यासारखा द्रव आला, तर लगेच रुग्णालयात. मधले काही तास माणूस अगदी ठीक वाटून नंतर कोसळू शकतो, म्हणून पहिला दिवस एकटं राहू नका.

पोटात लाथ बसली असेल आणि पोट कडक होत असेल, चक्कर येत असेल, लघवीत रक्त दिसत असेल, किंवा डाव्या बरगड्यांखाली लागून डावा खांदा दुखत असेल, तरीही तसंच. प्लीहेला इजा झाल्याची ती खूण असू शकते. दात जुळत नसतील किंवा दोन-दोन दिसत असेल तर हाड मोडलेलं असू शकतं. मोठ्या माणसाचा आख्खा दात पडला तर मुळाला हात न लावता दुधात ठेवा आणि तासाभरात दंतवैद्याकडे पोचा.

'जिन्यावरून पडलो' सांगू नका. मारहाण झाली हे खरं सांगितलं तरच मेडिको-लीगल नोंद (पोलीस-कोर्टासाठी दवाखान्यातली अधिकृत नोंद) होते, आणि प्रश्न १८ मधल्या सगळ्याला तोच कागद आधार देतो.

डोक्याला हादरा बसल्यावर डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत स्पारिंग पूर्ण बंद. पहिला भरून न येता बसलेला दुसरा हादरा जीवघेणा ठरू शकतो.

२१. लग्नात दारू प्यायलेला काका अंगावर धावून आला. त्याला मारायचं का, आणि कायदा काय म्हणतो?

कलम ३६ नुसार हल्लेखोर नशेत असला, मनोरुग्ण असला किंवा अल्पवयीन असला तरी बचावाचा हक्क तेवढाच राहतो. पण 'लागेल त्याहून जास्त नाही' ही अट इथे जास्त जपायची. झिंगलेल्या माणसाचा गोल ठोसा हळू येतो. प्रश्न ४ सारखं झाकून आत जा आणि त्याच्या दंडांवरून घट्ट मिठी मारा, डोकं त्याच्या खांद्याला दाबून, म्हणजे त्याला मारता येत नाही आणि कपाळानेही धडक देता येत नाही. दुसऱ्याला हाक मारा आणि दोघं मिळून त्याला खुर्चीवर किंवा जमिनीवर बसवा. पालथं पाडून पाठीवर बसू नका, त्याने श्वास कोंडतो. झोपवायचंच झालं तर कुशीवर, म्हणजे उलटी झाली तर घशात जाणार नाही, आणि शुद्धीवर येईपर्यंत कुणीतरी जवळ थांबा.